मदत हवी आहे: पोटाच्या ईएमजीत हृदयाचे ठोके घुसतात

निरोगी प्रौढांत खुर्चीतून उठणं, चालणं आणि जमिनीवरून ५ किलोचं खोकं उचलणं, या वेळी धडाच्या स्नायूंचं सरफेस ईएमजी (त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंच्या विद्युत संकेतांची नोंद) घेतोय. रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस (पोटाचा पुढचा स्नायू), एक्स्टर्नल ऑब्लिक (पोटाच्या कडेचा) आणि एल १ च्या (कमरेच्या पहिल्या मणक्याच्या) पातळीवर लाँजिसिमस (कण्यालगतचा पाठीचा स्नायू), दोन्ही बाजूंनी. इलेक्ट्रोडमधलं अंतर २० मिमी, सॅम्पलिंग २००० हर्ट्झ, बँडपास (फक्त या पट्ट्यातल्या वारंवारता ठेवणारा फिल्टर) २० ते ४५० हर्ट्झ. त्वचेवरचे केस काढून स्पिरिटने पुसतो.

नुसतं बसलेलं असतानाही डाव्या रेक्टसवर दर ठोक्याला टोकदार सुळका येतो. जोरदार आकुंचनात तो दबून जातो, पण रोजच्या हालचालींत हे स्नायू इतके कमी काम करतात की आरएमएसचा (सिग्नलच्या सरासरी ताकदीच्या आकड्याचा) मोठा हिस्सा हृदयाचाच निघतो. पूर्ण वाकल्यावर लाँजिसिमस शांत व्हायला हवा. तिथेही आकडा तळाला जात नाही.

हायपास (फिल्टरची खालची मर्यादा) ३० हर्ट्झवर नेला तर सुळके बरेच बसतात, पण स्नायूच्या सिग्नलचा कमी वारंवारतेचा भागही थोडा कापला जातो. वेगळा ईसीजी चॅनेल लावून टेम्प्लेट (ठोक्याच्या सुळक्याचा सरासरी आकार) वजा करणं या कामाला खरंच परवडतं का? उचलताना ठोके वाढतात, आणि धड हललं की सुळक्याचा आकारही बदलतो, म्हणून शंका.

दुसरं, नॉर्मलायझेशन, म्हणजे प्रत्येकाचे आकडे त्याच्याच एका संदर्भ आकुंचनाशी तोलणं. पोटाचं एमव्हीसी (पूर्ण जोर लावून केलेलं आकुंचन) सराव नसलेल्यांना नीट जमत नाही. ५ सेकंदांचे तीन प्रयत्न, मध्ये २ मिनिटं विश्रांती देऊनही आकडे जुळत नाहीत. त्याऐवजी ठरावीक सबमॅक्सिमल (पूर्ण जोराहून कमी) स्थिती कुणी वापरली आहे का? कोणती?

(वाकताना पोटाच्या घडीत इलेक्ट्रोडची कड सुटते, त्यावरचा उपायही चालेल.)