मदत हवी आहे: बास गिटारसाठी घरी स्पीकरची पेटी

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. बास गिटारसाठी १२ इंची, ८ ओहमच्या एका स्पीकरची पेटी घरीच करतोय. प्लाय १८ मिमी मरीनच घेणार. आमच्या पावसाळ्यात साध्या प्लायचे थर सुटतात, तिथे काटकसर नको.

घोडं अडलंय पोर्टपाशी, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर व्हायला ठेवतात त्या नळीच्या भोकापाशी. बासची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झ. बंद पेटी करायला सोपी, पण खालचा आवाज लवकर उतरतो. पोर्ट द्यायचा तर पेटीचं आतलं माप आणि नळीची लांबी स्पीकरच्या एफएस (तो स्वतःहून सगळ्यात जास्त थरथरतो ती वारंवारता), क्यूटीएस (ती थरथर किती दाबली जाते) आणि व्हीएएस (त्याच्या कोनच्या लवचिकपणाइतकी हवा, लिटरमध्ये) या आकड्यांवरून काढावी लागते, आणि माझ्या स्पीकरवर वॅट-ओहम सोडून काही छापलेलंच नाही. गावातल्या साऊंडवाल्याला विचारलं तर म्हणे, "होल मार रे, वाजतला!"

टोन जनरेटर, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर लावून हे आकडे घरी मोजता येतात ना? कोणी केलंय का? साधा मल्टिमीटर ३०-४० हर्ट्झला एसी व्होल्ट बरोबर दाखवतो का?

आणि खाऱ्या हवेत स्क्रू लगेच गंजतात. स्टेनलेसचे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) कुडाळ-कणकवलीत मिळतील, की कोल्हापूरच गाठावं?