शिकार जमली तरी हद्दीचं काय?

‘पिंजऱ्यात वाढलेल्या वाघाला शिकार जमत नाही’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. यवतमाळच्या अवनी वाघिणीची मादी बछडी पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या पाचेक हेक्टरच्या कुंपणात वाढली, चितळ मारायला शिकली. मार्च २०२१ मध्ये रेडिओ कॉलर लावून सोडली आणि काही दिवसांतच तिथल्या वाघिणीशी झुंज होऊन जखमी झाली. नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात उपचारादरम्यान गेली. घोडं अडलं हद्दीपाशी. याउलट मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ पर्यंत वाघच संपले होते. कान्ह्यात वाढवलेल्या दोन पोरक्या वाघिणी २०११ मध्ये तिथे सोडल्या, त्या रुळल्या, व्याल्यासुद्धा.

म्हणून वाघ सोडण्याआधी कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंवरून प्रत्येकीचे वेगळे पट्टे जुळवून निवासी माद्यांच्या हद्दी नकाशावर काढा. चितळ-सांबर भरपूर दिसले म्हणजे जागा रिकामी असतेच असं नाही, उलट अशा ठिकाणी बहुधा कुणीतरी वाघीण हद्द धरून बसलेली असते.