‘पित्त उठलं’ म्हणजे नेमकं काय?

माझी मावशी आर्वीजवळच्या खेड्यात असते. जुना दमा. मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "आंगदुखीची गोळी घेतली अन् पित्त उठलं. आता जीव घाबरते." डॉक्टरबाई परप्रांतातल्या, मराठी नवी. त्यांनी ॲसिडिटीचं औषध लिहून दिलं! तुमच्याकडे ‘पित्त’ कशाकशाला म्हणतात?

प्रतिसाद, अमरावतीहून : इथे क्रियापद ऐकायचं. पित्त ‘होतं’, ‘पडतं’ ते पोटातलं. ‘उठतं’ ते अंगावर, म्हणजे खाजऱ्या गांधी. वैद्य त्यालाच शीतपित्त म्हणतात. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत. गांधी उठून श्वासही कोंडला, तर ती तातडीची ॲलर्जी, घरी थांबायचं काम नाही. आणि ‘जीव घाबरणे’ म्हणजे पुण्याच्या माणसाला भीती वाटते. आपल्याकडे मळमळ, धडधड, दम, सगळं त्यातच.

प्रतिसाद, यवतमाळहून : ‘दम लागते’ हे कोणीही सांगते, ‘दमा आहे’ मात्र कोणी म्हणत नाही. खरं तर शब्द एकच, फारसीत दम म्हणजे श्वास. पण पोरीचं लगीन जमवायचं असलं की दमा नसतो, नुसती सर्दी असते! पंपही मग पाहुण्यांपासून लपवतात.

प्रतिसाद, वर्ध्याहून : श्वास सोडताना छातीतून येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजाला डॉक्टर ‘व्हीझ’ म्हणतात, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे का? घरघर कफाचीही असते. ही अडचण आपलीच नाही. मुलांच्या दम्याचा आयझॅक हा जागतिक अभ्यास १९९१ मध्ये सुरू झाला, त्यात प्रश्नावलीच्या जोडीला व्हिडिओ दाखवून विचारायची सोय होती. भाषांतरात तो आवाज हरवतो म्हणूनच.

प्रतिसाद, मेळघाटातून : तुमचं निदान मराठीतच अडलं. कोरकू मुंडा कुळातली भाषा, तिचा मराठीशी संबंध नाही. बाई कोरकूत भरभरून सांगते, नवरा मराठीत दोन शब्द बोलतो, "दम लागते." काय खाल्ल्यावर, रात्री की पहाटे, चुलीपाशी की वावरात कुटार (भुसा) उडताना, हे सारं मधेच गळतं. ॲलर्जी शोधायला तेच तर लागतं. मी आता हातवारे करून विचारतो, चूल दाखवतो. नवऱ्याला हसू येतं, बाई मात्र लगेच मान हलवते.

मूळ प्रश्नकर्ता : ‘उठलं’वर बोट ठेवल्याबद्दल आभार. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणे, "मी आता बोलतच नाई. त्या गोळीचं रिकामं पाकीट बटव्यात ठेवलं, तेच दाखवतो."