जुना १७ इंची व्हीजीए मॉनिटर बिनतारी करताना 'आउट ऑफ रेंज'

माळ्यावरचा_टॉवर
मॉनिटर १७ इंची एलसीडी, १२८० × १०२४, मागे फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं चित्राचं पोर्ट). विंडोज ११ चा लॅपटॉप आणि आयफोन, दोन्ही त्यावर वायफायने दाखवायचे आहेत. एचडीएमआय डोंगल (वायफायवरून चित्र घेणारा छोटा रिसीव्हर) आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर जोडला. कधी 'आउट ऑफ रेंज' येतं, कधी चित्र येऊन मधेच पडदा काळा होतो. आवाज तर नाहीच. कुठे चुकतंय?

सोल्डरगन
चित्र येतंय म्हणजे कन्व्हर्टरची दिशा बरोबर आहे. (व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा वेगळा असतो, दिसायला जुळा भाऊ. बरेच जण तोच घेऊन येतात.)

मधेच काळं होतंय ते बहुधा विजेमुळे. एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट असतात, पण हमी फक्त ५५ मिलीअँपची. कन्व्हर्टरमधल्या चिपला तेवढ्यात भागत नाही. बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असलेला कन्व्हर्टर घ्या आणि त्याला वेगळा चार्जर द्या. डोंगललाही ५ व्होल्ट, निदान १ अँपचा चार्जर हवा. लॅपटॉपच्या यूएसबी २ पोर्टवर विसंबू नका, तिथे ५०० मिलीअँपच मिळतात.

'आउट ऑफ रेंज' वेगळं दुखणं. डोंगल १०८०पी (१९२० × १०८०) पाठवतोय आणि मॉनिटर ते नाकारतोय. डोंगल तात्पुरता टीव्हीला लावा, सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून ७२०पी (१२८० × ७२०) करा, मग परत मॉनिटरला जोडा.

व्हीजीएच्या तारेतून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरवर ३.५ मिमीचा जॅक असेल तर तिथे स्पीकर लावा.

बिनतारी_बाबा
लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबा, डोंगल यादीत दिसेल. ते मिराकास्ट, म्हणजे विंडोजमधली वायफायने पडदा दाखवायची पद्धत. आयफोनला मिराकास्ट कळत नाही, त्याला ॲपलची तशीच पद्धत, एअरप्ले, लागते. स्वस्त डोंगलमध्ये बहुतेकदा एक बटण असतं, ते दाबून मोड बदलायचा. दोन्ही एकदम चालतील अशी अपेक्षा नको.

चित्र आलं तरी ७२०पी आहे १६:९ आणि तुमचा पडदा ५:४, म्हणजे गोल चेंडूचं उभं अंडं होणार. मॉनिटरच्या मेन्यूत 'आस्पेक्ट' असेल तर नशीब. १७ इंचीत सहसा नसतो.

आणि नेटफ्लिक्ससाठी हा खटाटोप करू नका. व्हीजीएवर एचडीसीपी (व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप) नाही, त्यामुळे आवाज येईल, चित्र काळं राहील. तो बिघाड नव्हे.

डागडुजी
अंडं नको असेल तर आयफोनपुरता रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) लावा. तो कन्व्हर्टरमधून मॉनिटरची माहिती वाचून थेट १२८० × १०२४ पाठवतो. त्याचं छोटं मॉडेल झीरो २ डब्ल्यू चालेल, पण त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि पोर्ट मिनी एचडीएमआय, म्हणजे आणखी एक अडॅप्टर. त्यावर यूएक्सप्ले (एअरप्लेचं चित्र घेणारं सॉफ्टवेअर) टाका. फोन आणि पाय एकाच राउटरवर हवेत. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर फोन असला तर पाय यादीत दिसणारच नाही. लॅपटॉपसाठी मात्र मिराकास्ट डोंगलच ठेवा, पायवर मिराकास्ट बसवणं म्हणजे डोक्याला ताप.

माउस किंचित मागे पडतो, हे धरून चाला. पीडीएफ उघडी ठेवायला ठीक, गेमला नाही.

सोल्डरगन
एक राहिलं. चित्र एका बाजूला सरकलं किंवा अक्षरं थरथरली, तर पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडा आणि मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. काळ्या पडद्यावर दाबलंत तर त्याला चित्राची कडाच सापडत नाही.