उत्तर: एएआरसीची पत्रमोहीम आणि ऑक्सिजनचं विधेयक
विचारलंय, 'अमेरिकेत खासदारांना पत्रं धाडून एएआरसीच्या (श्वसनोपचार करणाऱ्या थेरपिस्टच्या अमेरिकी संघटनेच्या) हाती काय लागतं?' छापील मजकूर जसाच्या तसा धाडला तर फारसं काही नाही. वजन पडतं ते मतदारसंघातल्या थेरपिस्टच्या चार ओळींना: मी इथे काम करते, द्रवरूप ऑक्सिजन मिळत नसल्याने रुग्ण घराबाहेर पडू शकत नाही, सोअर विधेयकाला (रुग्णांना पूरक ऑक्सिजन नीट मिळावा म्हणून मांडलेल्या) पाठिंबा द्या. मागणी एकच, विधेयकाच्या नावानिशी. रुग्णाचं नाव मात्र चुकूनही नको. मूळ दुखणं असं की मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा) ऑक्सिजनच्या उपकरणाचं भाडं देतं, पण घरी येऊन रुग्ण चालताना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघून ऑक्सिजनचा फ्लो जुळवणाऱ्या थेरपिस्टचे वेगळे पैसे देत नाही. थेरपिस्टच्या परवान्याचा विषय राज्यांचा (अलास्का सोडून सगळीकडे तो लागतो), तिथे एएआरसीच्या राज्य शाखेलाच गाठा.