वाण, गुण आणि लटलटणारी मान

विचारणा

पाळीव सापांच्या पैदाशीवरील एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर सध्या माझ्या हाती आहे आणि दोन-तीन शब्दांपाशी गाडे अडले आहे. लेख बॉल पायथन या लहानखुऱ्या अजगराविषयी आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो पाळण्यासाठी परदेशी जातो. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचे घट्ट मुटकुळे करतो, म्हणून त्याचे हे नाव पडले. विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही, कारण डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन सापडले होते.

या अजगराच्या काळ्या-तपकिरी नक्षीत बदल घडवणारी जनुके हेरून पैदासकारांनी असंख्य रंगरूपे तयार केली आहेत. अशा प्रत्येक रंगरूपाला ते ‘मॉर्फ’ म्हणतात. त्यांपैकी ‘स्पायडर’ या मॉर्फचा मूळ साप १९९९ मध्ये घानातून आला. फिकट मधाळ अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असलेला हा साप दिसायला देखणा आहे, परंतु त्याची मान स्थिर राहत नाही. ती हलत राहते, कधी मळसूत्रासारखा पीळ घेत वर जाते. भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो आणि उताणे झाल्यास काही सापांना लवकर सुलटे होता येत नाही. कोणात हे जेमतेम जाणवते, कोणात डोळ्यांना बघवत नाही इतके असते, पण सुटका कोणाचीच नाही. इंग्रजीत याला ‘वॉबल’ म्हणतात आणि विक्रेते त्याचे वर्णन ‘क्वर्क’ म्हणजे एक गंमतीदार वैशिष्ट्य असे करतात. मी तूर्त ‘डोके डुलणे’ आणि ‘चेतासंस्थेची आनुवंशिक लकब’ असे लिहिले आहे, मात्र दोन्ही मनाला पटत नाहीत. ‘मॉर्फ’ला तर शब्दच सुचलेला नाही.

प्रतिसाद : एक

‘डुलणे’ सर्वप्रथम काढून टाकावे. मराठीत डुलण्यात सुख असते. वाऱ्यावर शेत डुलते, कीर्तनात रंगलेला श्रोता डुलतो, आणि सापाच्या बाबतीत तर हा शब्द वापरताच वाचकाच्या डोळ्यांसमोर पुंगीपुढचा नाग उभा राहतो. तो नाग हलत्या पुंगीवर नजर ठेवून स्वतःची मान पूर्ण ताब्यात ठेवत असतो. तुमच्या अजगराची अडचण नेमकी याच्या उलट आहे. ‘कंप’ म्हटले तर म्हाताऱ्या माणसाचा हात आठवतो आणि ‘झोकांडी’ला पाय लागतात. मला ‘लटलटणे’ हा शब्द सुचतो. तीन महिन्यांच्या आतले मूल खांद्यावर घेतले की घरातले मोठे माणूस हटकून म्हणते, ‘हात लाव मागे, त्याने अजून मान धरलेली नाही, लटलटते आहे.’ ‘मान धरणे’ हा प्रयोगही इथे चपखल बसेल. या सापाने जन्मभर मान धरलेलीच नसते.

‘मॉर्फ’साठी मात्र आपल्याकडे शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘वाण’. गव्हाचा, कापसाचा नवा वाण आपण रोज वाचतो आणि तोही निवडीने तयार केलेलाच असतो. शिवाय ‘वर्ण’ शब्दापासून आलेला ‘वाण’ म्हणजे रंग, जसे आपण ‘सावळा वाण’ म्हणतो. पैदाशीतून तयार झालेला प्रकार आणि अंगाचा रंग हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सापडावेत, याहून मॉर्फला आणखी काय हवे? आणि वाण म्हटले की म्हण आलीच : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ढवळ्याचा रंग पवळ्याला चढला नाही, त्याच्या सवयी तेवढ्या चिकटल्या. स्पायडरमध्ये ही म्हण उलटी पडते. एकच जनुक रंगही देते आणि लटलटही देते, त्यामुळे वाण उतरला की गुण उतरलाच. इतकी वर्षे पिढ्यांमागून पिढ्या काढूनही पैदासकारांना ही दोन टोके वेगळी करता आलेली नाहीत.

प्रतिसाद : दोन

मी पशुवैद्यकाचा व्यवसाय करतो, म्हणून ‘चेतासंस्थेची आनुवंशिक लकब’ यातील पहिल्या दोन शब्दांविषयी लिहितो.

‘आनुवंशिक’ योग्य आहे आणि तो ‘जन्मजात’ असा बदलू नये. अंडी उबवताना तापमान बिघडले तर व्यंग घेऊन पिल्लू बाहेर येऊ शकते. ते जन्मजात असते, पण पुढच्या पिढीत जात नाही. स्पायडरचे जनुक प्रभावी आहे. जोडीतील एकच साप स्पायडर असला तरी सरासरीने निम्म्या पिल्लांत तो वाण उतरतो. दोन स्पायडर एकत्र आणले, तर जनुकाच्या दोन्ही प्रती मिळालेले पिल्लू जगत नाही असा पैदासकारांचा अनुभव आहे.

‘चेतासंस्था’ हा शब्द मात्र आता तपासून घ्यावा लागेल. २०१४ मधील एका पशुवैद्यकीय लेखात याला चेतासंस्थेचा बिघाड म्हटले होते आणि लक्षणे पाहता ते स्वाभाविकही होते. पुढे २०२२ मध्ये स्पायडर आणि मूळ रंगाचे अजगर यांच्या डोक्यांची सूक्ष्म सीटी-चित्रे ताडून पाहिली गेली, तेव्हा स्पायडरच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्यालगतची तोल सांभाळणारी पिशवी यांची घडणच बिघडलेली आढळली. आपल्या परंपरेने सापाला ‘चक्षुःश्रवा’ म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा असे नाव दिले आणि त्याला कानच नाही असे ठरवून टाकले. त्याच सापाचे दुखणे कानात निघावे याची मला गंमत वाटते. बाहेरचा कान त्याला नसतोच, पण आतला असतो आणि तोल तिथेच सांभाळला जातो. रंगाचा कानाशी संबंध कसा, असे कोणी विचारील, तर निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत आढळणारे बहिरेपण आठवावे. भ्रूणात रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निपजतात, त्याच समूहाचा अंतर्कर्णाच्या घडणीतही वाटा असतो, म्हणून दुवा तिथे असावा असे मानले जाते. भाषांतरात ‘तोल सांभाळण्यातील आनुवंशिक बिघाड’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

‘रोग’ किंवा ‘आजार’ हे शब्द टाळावेत. अजगर आणि बोआ (अजगरासारखेच भक्ष्याला विळखा घालणारे साप) यांच्यात एक विषाणुजन्य आजार आहे, त्यातही साप मान वर करून आकाशाकडे बघत राहतो; तो एकापासून दुसऱ्याला होतो. स्पायडरचा बिघाड लागण होणारा नाही आणि त्यावर उपचारही नाही.

प्रतिसाद : तीन

‘लकब’विषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी बैलांची खरेदी-विक्री होती आणि बाजारात जनावराचे उणे सांगण्यासाठी ठरलेले शब्द असत. बैल मारका असेल, जुवाखाली मान द्यायला कुरकुरत असेल, तर ती ‘खोड’. शिंग मोडके, डोळा अधू, तर ते ‘व्यंग’. खोड लपवून विकली की दुसऱ्या बाजाराला माणूस भांडायला येई. व्यंगावर मात्र गिऱ्हाईक आधीच बोट ठेवून भाव पाडून घेत असे. ‘क्वर्क’ला ‘खोड’ म्हणायचा मोह होईल, कारण ‘जित्याची खोड’ आपल्या जिभेवर असते. तथापि खोड ही जनावराची मर्जी असते आणि तिचा ठपका जनावरावर येतो. या अजगराने काही मनात आणलेले नाही. ‘लकब’ तर त्याहून वाईट, कारण ती लोभस असते. नटाची असते, गवयाची असते. नेम चुकून भिंतीवर तोंड आपटणाऱ्या जनावराची ‘लकब’ सांगणे म्हणजे लंगड्या बैलाची ‘चाल’ सांगण्यासारखे आहे.

प्रतिसाद : चार

थोडी वेगळी बाजू मांडतो. हे साप खातात, वाढतात, अंडी घालतात असे पाळणारे सांगतात आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. मूळ लेखकाने विक्रेत्यांचा सौम्य शब्द उद्धृत केला असेल, तर भाषांतरकाराने तो परस्पर ‘व्यंग’ करून न्यायनिवाडा करू नये. तिथे ‘वैशिष्ट्य’ असेच लिहावे, म्हणजे विक्रेत्याची भाषा वाचकापर्यंत जशीच्या तशी पोहोचेल.

विचारणाऱ्याकडून

चौघांचेही आभार. शेवटच्या प्रतिसादातील मुद्दा रास्त आहे, म्हणून विक्रेते जिथे बोलतात तिथे ‘वैशिष्ट्य’ ठेवले आहे आणि लेखक स्वतः बोलतो तिथे ‘व्यंग’. सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांच्याविषयी काम करणाऱ्या ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडर वाणाच्या विक्रीला मनाई केली, त्या परिच्छेदात तर ‘वैशिष्ट्यामुळे बंदी’ असे वाक्य मराठीत उभेच राहत नव्हते.

‘स्पायडर’ हे नाव तसेच ठेवतो. ‘कोळी अजगर’ लिहिले तर मुंबईच्या वाचकाला तो वरळीचा वाटेल आणि ‘जाळीदार अजगर’ म्हणावे तर ते नाव आग्नेय आशियातील वेगळ्याच, प्रचंड लांबीच्या अजगराला आधीच दिलेले आहे. वाणाचे लिंग तेवढे ठरवावे लागले. शेतीविषयक लेखनात ‘हा वाण’ आणि ‘हे वाण’ दोन्ही आढळते, परंतु नपुंसकलिंगी वाचले की संक्रांतीचे वाण समोर येते, म्हणून पुल्लिंग घेतले. आता वाक्य असे झाले आहे : ‘स्पायडर हा बॉल पायथनचा एक वाण असून, त्याच्या रंगाबरोबरच तोल सांभाळण्यातील एक आनुवंशिक व्यंग पिल्लांत उतरते, असा साप मान धरू शकत नाही आणि ती कमी-अधिक लटलटत राहते.’