मदत हवी आहे: रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये कसं आणू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते, स्पॅनिश बी२ पर्यंत झालंय. तीन महिन्यांपासून एका ॲपच्या ग्राहकसेवेचे इंग्रजी संदेश स्पॅनिशमध्ये करते आहे. वाचणारे मेक्सिकोतले. व्याकरणाच्या चुका निघत नाहीत, पण तिकडून तपासणाऱ्या बाईंचा शेरा ठरलेला: "कळतं, पण असं कोणी बोलत नाही." तो मनाला फार लागतो.

मोठ्या वाक्प्रचारांशी अडत नाही, ते पाठच केलेत. महाग वस्तूसाठी इंग्रजीत हातपाय द्यावे लागतात, स्पॅनिशमध्ये चेहऱ्यावरचा एक डोळा, 'उन ओहो दे ला कारा'. मुसळधार पाऊस 'आ कान्तारोस', म्हणजे घागरींनी पडतो. ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच दारात उभा राहिला, की इंग्रजीत सैतान आठवतो, स्पॅनिशमध्ये रोमचा राजा. आपण त्याला शंभर वर्षं आयुष्य देतो!

अडतं ते साध्यासुध्या वाक्यांशी. 'मेक्स सेन्स'चं मी 'आसे सेन्तीदो' (शब्दशः 'अर्थ करतं') केलं, दुरुस्त होऊन 'त्येने सेन्तीदो' ('अर्थ आहे') आलं. 'आय ॲम कमिंग'ला 'बेंगो' लिहिलं, तर तिथे 'या बोय' हवं होतं, म्हणजे शब्दशः 'जाते'! आता 'यू आर ऑल सेट', 'बेअर विथ मी' आणि 'आय विल गेट बॅक टू यू' ही तीन सुटत नाहीत. ग्राहकाला 'उस्तेद'च, म्हणजे आदराचं 'तुम्ही'च म्हणायचं आहे.

प्रतिसाद

ताई, इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा आणि त्या प्रसंगी मराठीत काय म्हणाल ते आधी मोठ्याने म्हणा. पहिल्याला आपण म्हणू, "झालं तुमचं काम." मेक्सिकोतही तेच म्हणतात, 'या केदो'. दुसऱ्याला "एक मिनिट हं": 'पेर्मीतामे उन मोमेन्तो, पोर फावोर'. तिसऱ्याला "कळलं की कळवते": 'एन क्वान्तो तेंगा रेस्प्वेस्ता, ले आबीसो'.

मराठी प्रत्येक वेळी वाट दाखवतेच असं नाही. हाकेला ओ देताना आपणही "आले" म्हणतो, म्हणून 'बेंगो'ची चूक होते. स्पॅनिशमध्ये बोलणारा जिथे उभा आहे, तिथून बघायचं. पण घरातून जरा बाहेर पडताना आपण "येते" म्हणतो ना, तसं मेक्सिकोत 'आओरीता बेंगो' म्हणतात. संदेशात मात्र 'आओरीता' टाळा, त्याचा अर्थ 'या क्षणी'पासून 'बघू कधीतरी'पर्यंत काहीही होतो. आणि पुस्तकं स्पेनची असतील तर 'कोहेर' हे क्रियापद विसरा. तिथे बस 'पकडायला' चालतं, मेक्सिकोत ते अश्लील आहे. 'तोमार' वापरा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! 'या केदो' आजच वापरते. अजून एक: 'आय ॲम अफ्रेड वी कान्ट'ला मी मराठीत "नाही हो जमणार" म्हणेन. त्यातला तो 'हो' कुठे ठेवू?

प्रतिसाद

सुरुवातीलाच. 'उना दिस्कुल्पा, पोर एल मोमेन्तो नो एस पोसीब्ले', म्हणजे "माफ करा, सध्या शक्य नाही."